जोड

नव्या पेठेतल्या दुकानात मी बाटलीतलं पाणी
सरळ बुटात ओतलं.
इरण्णा गल्ल्यावरून ओरडला,
"ओ बाई, बूट घ्यायला आलाय का धुवायला?"
थांबा की जरा, म्हटलं,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले.
पाच मिनिटं झाली. बूट तांब्यासारखा भरलेला.
हा नको. ह्यात पाणी शिरलं की मुक्कामाला राहतंय.

मग त्यानं निळा काढला, जाळीचा,
पिसासारखा हलका. पोहायच्या तलावावर हेच चालतात म्हणाला.
तळ अंगठ्यानं दाबला तर
पलीकडं माझं नख कळलं.
आमचा तलाव फरशीचा नाही, दादा.

उजनी मायनसमध्ये गेली की
कंदरच्या अंगाला पाणी उठून दीड किलोमीटर लांब जातं,
आणि नाव राहते आमच्या दारात, पत्र्याची.
मग ती पालथी करून खांद्यावर घ्यायची.
पुढं हे, मागं मी.
लग्नात नाव घेताना मी अडखळले होते,
आता रोज घेते,
पन्नास किलोचं.

आधी ढेकळं, त्यात वेड्या बाभळीचे काटे.
मग बुडालेल्या जुन्या गावाचे चिरे,
कुणाच्या तरी उंबऱ्यावरून आम्ही नाव नेतो,
आत कोण आहे का, विचारत नाही.
मग शिंपले. वस्तऱ्याला लाजवतील असे.
शेवटाला गाळ.
गाळ बूट मागतो, आधी उजवा.
टाचेला पट्टा नसेल तर त्याला देऊन यायचं
आणि उरलेलं अनवाणी.

हे सगळं इरण्णाला सांगितलं.
तो ऐकत होता, गिऱ्हाइकं खोळंबली होती.
शिवण नायलॉनची पाहिजे, म्हटलं, सुती दोरा कुजतो.
आतून मऊ कापड नको, ते वाळत नाही,
आणि बोटांच्या मधे कातडी पांढरी पडते.
चिकटवलेलं तर नकोच.
गेल्या साली चिकटवलेले घेतले,
पंधराव्या दिवशी तळ असा उघडला
जसं मरळीचं तोंड.

त्यानं माळ्यावर पोरगं चढवलं.
धुळीतून खाली आला एक सँडल,
ट्रकच्या टायरचा तळ, अजून नक्षी तशीच,
कडेनं भोकं, टाचेला पट्टा, पितळी बक्कल.
पाणी ओतलं.
भोकांतून गेलं ते इरण्णाच्या फरशीवर पसरलं.
त्यानं काही न बोलता पोतेरं आणलं.

"नंबर?"
नंबर कुणाला ठाऊक.
पण नाव डोक्यावर असताना मागच्या माणसाला
दुसरं काही दिसत नाही.
अंधार असतो, पत्र्याचा वास असतो,
आणि पुढच्याच्या टाचा.
अकरा वर्षं मी तेवढ्याच बघितल्यात.
डावीवर शिंपल्याची अर्धी चकती,
उजवी आत झुकलेली.
एक वीत आणि तीन बोटं, म्हटलं,
आणि हवेत धरून दाखवलं.
साडेचारशे.
जाळ्याचे पैसे वजा जाता एकच जोड.

घरी ह्यांनी जोड उलटापालटा केला,
बक्कल दोनदा लावून काढलं,
आणि माझ्यापुढं ठेवला.
"उद्यापासून तू पुढं."
मोठा होतो मला, म्हटलं.
"चिंध्या भर."

सकाळी मी पुढं.
पुढून पाणी दिसतं, कुणी सांगितलंच नव्हतं.
चिऱ्यांच्या पल्याड आधी एक रेघ,
मग रेघेवर उभे पांढरे पक्षी,
मग रेघ रुंदावत जाते आणि खांदा दुखायचा विसरतो.
चिंध्या भिजून जड झाल्या होत्या,
पण पाणी येत होतं आणि जात होतं,
थांबत नव्हतं.

मागून, पत्र्याच्या आतून, घुमत आवाज आला,
"अगं, किती फुटल्यात तुझ्या टाचा."
मी म्हटलं, खाली बघा,
शिंपले लागले.