उणे नऊशे नव्याण्णव

विजयदुर्गच्या जेटीमागे, बर्फाच्या कारखान्याला लागून माझी खोली.
एक पंखा, एक संगणक
आणि भिवा मेतरांच्या एकोणीस वह्या,
सगळ्या शाळेतल्या, दोनशे पानी.
एकीवर अजून नातवाचं नाव : इयत्ता चौथी, तुकडी अ.
पानांना सुकटीचा वास, खाली थोडा डिझेलचा.

काम सोपं आहे, असं सांगितलं होतं मला.
वहीतला समुद्र रकान्यांत भरायचा :
तारीख, वेळ, खोली, तापमान, अक्षांश, रेखांश.

पण मेतरकाका लिहितात :
तिसरी पवनचक्की बुरजामागे लपली. बारा वाव.
पाणी कोमट. झार इतको, जाळां वढूक येयना.

बुरजामागे लपली म्हणजे किती अक्षांश?
एका पहाटे त्यांच्याच होडीतून गेले.
दोनदा ओकले. तिसऱ्यांदा मान वर केली
तर गिर्येच्या सड्यावरची पवनचक्की
खरंच एकेक पातं आवरत
बुरजाच्या आड शिरत होती.
"लिव आता," म्हणाले.
मोबाइलवरचा आकडा मी लिहिला.
"पण ह्या कोणाक दिव नको हां.
गरमी दी. झार दी. जागा माजी."

महिनाभर फोनवर भांडले.
वरून सांगत : माहिती सगळ्यांची आहे, खुलीच हवी.
खरं आहे.
खुल्या माहितीपाशी सगळ्यांत आधी पोचतात
मध्यरात्री पांढरे दिवे पेटवून येणारी मोठी जाळी.
तेही खरं आहे.
शेवटी जागा पाच मैलांच्या चौकोनात विरघळवली.
त्या चौकोनात मेतरकाकांची जागा आहे
आणि सापडत नाही.

मग साखरी नाट्याहून याकूब सोलकरांच्या वह्या आल्या,
प्लास्टिकच्या पिशवीत, वर सुतळीच्या तीन गाठी.
हे दोघे तेरा वर्षं बोलत नाहीत,
जाळं कुणी कापलं यावरून.
मी दोघांना एकाच तक्त्यात बसवलं, शेजारी शेजारी.
मे महिन्यातला एक मंगळवार, बारा वाव :
मेतर तीस पूर्णांक चार.
सोलकर तीस पूर्णांक चार.
सरकारी बोया त्या आठवड्यात मुका होता,
कुणीतरी त्यालाच होडी बांधून झोपलं होतं, केबल तुटली.

चौदाव्या वहीत, पौषात, अकरा दिवस कोरे.

यंत्राला कोरं चालत नाही.
शून्य भरलं तर समुद्र गोठतो.
आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी भर, कुणाला कळतंय,
असं पुण्याचा एक मुलगा म्हणाला. हुशार आहे तो.
मी वही घेऊन मेतरकाकांकडे गेले.
ते जाळ्याला शिसं ओवत होते.
बोट ठेवून विचारलं, इथे काय झालं?
पान बघितलं. मग माझ्याकडे.
"समुद्र होतो गो. मियाच नाय होतंय."
आणि पुन्हा शिसं.

कुठे होतात, हे विचारायला
माझ्याकडे रकाना नव्हता.

परत येऊन भरलं, अकरा वेळा :
उणे नऊशे नव्याण्णव.
नोंद नाही, याची ती नोंद.
अकराव्यांदा भरताना वीज गेली,
पुन्हा पहिल्यापासून भरलं.

काल सोलकरांची त्याच पौषाची वही उघडली.
तापमान, वारा, वाव, सगळं जागच्या जागी.
कडेला, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात :
मेतराची होडी नाय.
दुसऱ्या दिवशी : आज पण नाय.
तिसऱ्या दिवशी फक्त : नाय.
असं अकरा ओळी खाली,
एका ओळीवर पेन दोनदा फिरलेलं.

बाराव्या दिवशी :
दिसली.
वारा मतलई. पाणी सत्तावीस पूर्णांक सहा.