रकाना नववा

मेडिकलच्या अभिलेख कक्षात
कूलरसमोरचं टेबल मोहोड साहेबांचं.
माझं खिडकीपाशी. तिथून कॅज्युअल्टीचा उतार दिसतो
आणि मे महिन्यात दुपारी दोनला
स्ट्रेचरच्या लोखंडाला कोणी हात लावत नाही, तेही.

बाराही महिने मी वेळा लिहिते.
आला किती वाजता. पाहिला किती वाजता.
सुई किती वाजता.

सुकवारो मरकाम बालाघाटहून आली,
इतवारीला उतरून, ऑटोत मांडीवर
अकरा वर्षांचा लच्छन.
गुडघ्यात काच फुटावी तसा ओरडत होता.
सिकलसेल. पिवळं कार्ड होतं तिच्याजवळ,
पण पलीकडच्या राज्याचं.
"हे इथं नाही चालत बाई," खिडकी म्हणाली,
"पुन्हा तपासणी करा लागते."
पुन्हा रक्त. पुन्हा रांग. पुन्हा नाव,
आणि नावात चूक: मरकामचं झालं मडकाम.

आला सहा चाळीस. सुई दहा पन्नास.
मधल्या चार तास दहा मिनिटांना
रजिस्टरात जागाच नव्हती.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
खोडता यावं म्हणून.
खोडलं मात्र नाही.

मग रविभवनात बैठक भरली.
तीन राज्यांचे अधिकारी, तर्री-पोहे,
पडद्यावर दोन शब्द: गुणवत्ता, मूल्य.
मी मागच्या खुर्चीत, आकडे विचारले तर सांगायला.
एक साहेब म्हणाले, मूल्य म्हणजे दर खाटेचा खर्च.
दुसरे म्हणाले, तसं नव्हे, खर्चाच्या मानानं गुण.
मला आई आठवली, गोकुळपेठेत तूरडाळ घेताना.
आधी मुठीत धरून वास घ्यायची,
भाव मागून विचारायची.

रायपूरच्या एका बाईंनी विचारलं,
पोरगं दारात आल्यापासून औषधाला किती वेळ लागतो?
पंखा ऐकू यायला लागला.
मी उभी राहिले. खुर्ची पडली.
माझ्याजवळ होतं उत्तर,
पेन्सिलीतलं.

करार झाला. एक कार्ड, तिन्ही राज्यांत.
एकसारखी नोंदवही,
आणि तिच्यात रकाना नववा:
दारापासून सुईपर्यंत.

पहिल्या तिमाहीत आमचा आकडा सगळ्यांत वाईट.
मोहोड साहेबांनी कागद आपटला,
"आपलंच काऊन खराब जी?"
सिस्टर ढोक ड्यूटी संपवून जात होत्या, थांबल्या.
"आपण खरं लिहून राह्यलो म्हणून, सर.
तिकडं पाहा. तीस मिनिटं, तीस मिनिटं, तीस.
घड्याळ बंद पडलं असन त्यांचं."

दहा दिवसांनी बालाघाटच्या औषधवाल्याचा फोन.
दबक्या आवाजात विचारत होता,
तुमच्याकडं त्या कपाटाची किल्ली कोणाजवळ राहते?
सिस्टर म्हणाल्या, आतापर्यंत फार्मसीत, खाली, कुलपात.
कालपासून वॉर्डात.
तो म्हणाला, बरं. आम्हीही वर आणतो.
कराराच्या चाळीस पानांत
या फोनचं कलम नाही.

डिसेंबरात सुकवारो पुन्हा आली.
खिडकीनं कार्ड पाहिलं, काही विचारलं नाही.
आला नऊ पाच. सुई नऊ सत्तेचाळीस.
मी नवव्या रकान्यात बेचाळीस लिहिलं, पेनानं.
बेचाळीस म्हणजे कमी नव्हे.
आपल्या गुडघ्यात काच ठेवून मोजून पाहावं कोणी.

आणि हो, कार्डावर अजूनही मडकाम.
आधी ती चूक आमच्या एका वहीत होती,
आता तीन राज्यांत आहे.
दुरुस्तीचा अर्ज मी भरून ठेवलाय,
त्याला तीन सह्या लागतात.
एक झाली.