एनच्या बटणावरचा ळ

गुरुसिद्दप्पा मुगळींच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला
तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली, पडदा मिळाला,
टेबलफॅन मिळाला.
आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो
आणि उन्हाळ्यात उगीचच काहीतरी विचारायला जायचो.

मी चंदगडहून शहापुरात, मावशीकडे आलेली.
मराठी टायपिंग चाळीस पास, कानडी शून्य.
"हळू की गं तंगी," मुगळी म्हणायचे,
आणि मला वाटायचं पगाराचं बोलतायत.
तंगी म्हणजे धाकटी बहीण,
हे कळेपर्यंत दोन महिने गेले.
पगाराचंही खरंच होतं म्हणा.

कीबोर्ड वरवंट्याइतका जड.
रंग दुधाचा, कडेने चहाचा होत गेलेला.
प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग,
आधी नाही म्हणणारी, मग टक्कन हो.
मागच्या भिंतीपलीकडे रेवणप्पाचा माग चालायचा,
अलीकडे मी.
संध्याकाळी खिडकीतून डोकावून तो विचारायचा,
"तुमचं किती वार झालं आज?"
मी लग्नपत्रिकांचा हिशेब वारात सांगायची.

मग मुगळींनी वरच्या ओळीतलं एक बटण दाखवलं.
ते दाबलं की पडद्यावरचा हिरवा मजकूर
डोक्यावरची रेघ टोपीसारखी काढून ठेवायचा
आणि गोल होऊन बसायचा.
क जिथे, तिथेच त्यांचा क.
म जिथे, तिथेच त्यांचा म.
बोटांना पत्ताच नाही आपण कुठल्या भाषेत आलो.
मी कानडी अशी शिकले, मनगटाकडून वर,
तोंडापर्यंत यायला तिला फार वर्षं लागली.

शिफ्ट धरून एन दाबलं की ळ.
बेळगाव लिहा, बेळगावी लिहा,
ळ काही सुटत नाही.
हळद, केळवण, मुगळी, हळ्ळी.
मळे म्हणजे माझ्याकडे भाजीचे,
त्यांच्याकडे म्हणे पाऊस.
एकदा मी पावसाच्या कानडी कवितेशेजारी
वांग्याचं चित्र लावलं होतं.
मुगळी हसले नाहीत. चित्राचे पैसे कापले,
आणि वर्षभर येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगून हसले.

बंदच्या दिवशी शटर अर्धं खाली.
सकाळी एका बाजूचं पत्रक यायचं, दुपारी दुसऱ्या.
दोन्हीकडे उद्गारचिन्हं सारखीच, तीन तीन.
दोन्हींत गावाचं नाव सगळ्यात मोठ्या टायपात.
माझी करंगळी शिफ्टवर, एनवर बोट,
बाहेर घोषणा, पलीकडे माग.
एका बाजूचं बिल अजून यायचंय.
कुठल्या, ते मुगळींनी सांगितलं नाही.

त्या कीबोर्डावर सगळ्यात आधी एनच पुसला गेला.
इंग्रजी छाप गेली, मग मराठी चिकटपट्टी,
मग त्याखालची कानडी.
नुसतं गुळगुळीत बटण, मधे किंचित खोलगट.

छापखाना विकला तेव्हा सगळं किलोवर गेलं:
पडदा, फ्लॉपींचे डबे,
कागदाच्या कडा खाणारा तो किंचाळता प्रिंटर.
"हे वजनात धरू नको," मुगळी भंगारवाल्याला म्हणाले
आणि कीबोर्ड माझ्या पिशवीत घातला,
वर कुंद्याचा डबा.

परवा टिळकवाडीला भाचा म्हणाला, "मावशी, आवाज ऐक."
आठ हजारांचा मागवलाय, बटणांखाली दिवे लागतात.
मी डोळे मिटून ऐकलं.
खरंच, नाही म्हणून मग हो म्हणत होतं.
माझं बोट आपसूक गेलं. शिफ्ट. एन.
पडद्यावर इंग्रजी मोठा एन उमटला,
एकटाच, शाळेतल्या नव्या पोरासारखा.
"काय लिहितेस?"
"काही नाही रे, बघत होते."

घरी आल्यावर कपाटाखालून माझा काढला.
त्याची पाच काट्यांची गोल पिन
आता जगात कुठेच बसत नाही.
फडक्याने पुसला, मांडीवर घेतला.
शिफ्ट धरून खोलगट बटण दाबलं,
एकदा, मग बराच वेळ.

भिंतीपलीकडे आता मोबाईलचं दुकान आहे.
किती वार झालं म्हणून
कुणी विचारलं नाही.