पाठ

परिपत्रक आलं जानेवारीत,
सूर्य उगवतच नाही अशा आठवड्यात.
चार पानं. तिसऱ्यावर एक कोष्टक.
गुनवोरने ते दिव्याखाली धरलं,
चष्मा पुसला, परत धरलं.
मी तिच्या हाताखालची नवी नर्स, कॉफी उकळत होते.

सतरा वर्षं ती या बेटांवर सांगत आली होती:
बाळ पालथं निजवा.
उताणं निजलं आणि ओकलं, तर गुदमरेल.
किती सरळ होता तर्क!
डॉक्टरांनी दिलेला, पुस्तकात छापलेला,
आयांना चटकन पटणारा.
फक्त मोजलं नव्हतं कुणी.

आता मोजलं होतं.
दूरदूरच्या गावांत, रिकाम्या पाळण्यांपाशी बसून
कुणीतरी विचारलं होतं आयांना,
ज्यांची गेली त्यांना
आणि ज्यांची राहिली त्यांनाही:
त्या रात्री बाळ कसं निजलं होतं?
उत्तरं दोन रकान्यांत ठेवली होती.
रकाने सारखे नव्हते.

दुपारी, म्हणजे घड्याळातल्या दुपारी,
तिने जन्मनोंदीची वही काढली.
तिच्याच किरट्या अक्षरात नऊशे चाळीस नावं.
तीन नावांपुढे बारीक फुली,
फुलीपुढे: कारण समजले नाही.
प्रत्येकीवर बोट ठेवून ती थांबली.
"कोष्टक एकेका मुलाबद्दल काही सांगत नसतं," मी म्हणाले,
नुकतंच परीक्षेत लिहिलेलं वाक्य.
"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच झोप लागणार नाही."

मग फेरीबोट. मग तिची जुनी मोटार,
काचेवरचा बर्फ खरवडत.
घर, घर, घर.
बूट काढा, हात धुवा, पाळण्याशी वाका.
आधीचा पाठ विसरा, पाठीवर निजवा.
तरण्या आया चिडल्या: गेल्याच महिन्यात तुम्ही
हिला पोटावर वळवून दाखवलंत!
"दाखवलं. चुकीचं होतं ते."
जाळं सांधणारा एक म्हातारा म्हणाला,
आज हे, उद्या ते, तुमच्या विज्ञानाला एक तोंड नाही का?
"जुन्या नकाशात खडक नव्हता, नव्यात आहे.
तुम्ही कुठला घेऊन बोट काढाल?"
तो गप्प बसला. पटलं असं नाही.
काही घरी पालथ्या घड्यावर पाणी.
तिथे ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली,
त्याच्या पुढच्याही.

शेवटचं घर तुरिडचं.
तिथे निजवायला कुणी नव्हतं.
यादीतही नव्हतं ते घर, मी तसं म्हणाले.
इंजिन बंद झालं तरी गुनवोरचे हात चाकावरच.

तुरिडने तीन कप मांडले.
"तू सांगितलंस तसंच निजवलं होतं मी,"
ती म्हणाली, आम्ही बसायच्याही आधी.
आरोप नव्हता त्यात. माया होती असंही नाही.
"हो. मीच सांगितलं होतं."
माफी हा शब्द टेबलापर्यंत आला नाही.
कॉफी निवली. कुणीतरी साखर हलवत राहिलं,
बहुतेक मीच.

दारात तुरिडने विचारलं,
"आता नीट मोजतात ना?"
"मोजतात."
"माझा एनार धरला असेल का कुणी त्यात?"
गुनवोरला माहीत नव्हतं.
तिने तेच सांगितलं: माहीत नाही.

त्यानंतरच्या वह्या माझ्या अक्षरात आहेत.
फुल्या दुर्मीळ.
जे घडलंच नाही
त्याबद्दल आभार मानायला कुणी येत नाही,
आणि यावं तरी कुणी?

परवा बोटीवर एक पोरगी
माझ्या पायांवरून उडी मारून डेकवर पळाली,
एक हातमोजा खाली टाकून.
वयावरून त्याच हिवाळ्यातली असावी.
मी उगाचच तिची पावलं मोजली.
एकवीसपर्यंत. मग ती वळली.