सातवा चौकोन

मेच्या अखेरीस साइमीने
फ्रिजवर एक कागद लावला,
माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली.
वर लिहिलंय: सप्टेंबरच्या आत.
खाली नऊ कलमं, आणि प्रत्येकापुढे
एक रिकामा चौकोन, पट्टीने आखलेला.

रोज दोन अल्गोरिदम, कंटाळा आला तरी.
एक ॲप पुरं करायचं. अर्धवट नाही.
'अर्धवट नाही'खाली दोन रेघा.
बायोडेटा एका पानात.
हेलसिंकीतल्या सहा कंपन्यांना पत्रं.
आरशासमोर मुलाखतीचा सराव, न हसता.

दूध घ्यायला जातो तेव्हा मी वाचतो.
हल्ली मला दूध फार लागतं.
शाळेची बस चालवतो मी,
आणि उन्हाळ्यात ना शाळा, ना बस.

सातवं कलम एवढंच:
बाबाला विचारायचं.
काय, ते लिहिलेलं नाही.

ओउलूत ह्या दिवसांत
सूर्य बाराच्या सुमारास बुडतो
आणि दोन तासांत परत येतो,
किल्ल्या विसरलेल्या माणसासारखा.
त्या उजेडात ती स्वयंपाकघरात बसते,
दिवसभर चौकातल्या टपरीवर आइस्क्रीम विकून आलेली.
मनगटावर ज्येष्ठमधाचा काळा, खारट डाग,
कीबोर्डाच्या एका बटणावरही तोच.
तिचा प्रोग्रॅम स्वतःलाच हाक मारत सुटतो,
थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही.
ती पुटपुटते. मी ऐकतो. ती विचारत नाही.
मीही आपणहून बोलत नाही.
ताकाला दोघं आलोय,
भांडं दोघांनीही पाठीमागे धरलंय.

एकोणीस वर्षं मी कोड लिहिला,
नदीपलीकडच्या काचेच्या इमारतीत,
लोकांच्या खिशातल्या फोनांसाठी.
मग एका मंगळवारी आम्हा सगळ्यांना
सभागृहात बोलावून कॉफी दिली,
दालचिनीचे पाव दिले, आणि सांगितलं.
पाव ताजे होते.
मी दोन खाल्ले.

जून सरला. मध्य-उन्हाळ्याची होळी
किनाऱ्यावर पेटून विझली.
पहिल्या चौकोनात खूण, तिसऱ्यात खूण,
पाचव्यात अर्धी: तीन पत्रं गेली,
एकाचं उत्तर आलं, ते यंत्राने लिहिलेलं.
सातवा कोरा.

जुलैत एका रात्री, म्हणजे उजेडातच,
तिने खणातून माझा जुना फोन काढला,
कुठूनसा चार्जरही शोधला.
'ह्यातला गजर तू लिहिलेलास ना?
आई म्हणाली.'
मी आणि रेइयोने, म्हटलं.
रेइयो आता मधमाश्या पाळतो.
'फोन बंद असला तरी वाजायचा म्हणे. कसा?'

मी कागद ओढला. पेन चालेना, दुसरं घेतलं.
सांगितलं: पूर्ण बंद असं काही नसतंच.
एक बारकासा भाग जागा ठेवायचा,
त्याने फक्त वेळ मोजायची,
बाकी सगळ्यांना झोपू द्यायचं.
तो भाग फार कमी खातो.
कोणाला कळतही नाही की तो आहे.

ती बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिली.
मग, कागदावरून नजर न उचलता:
'काढलं त्या दिवशी घरी येऊन
काय केलंस तू?'

मला वाटलं होतं, ती पगाराचं विचारेल,
नाहीतर कोणती भाषा आधी शिकू, असलं काही.

गाडीची चाकं बदलली, मी म्हणालो.
हिवाळ्याची घातली.
बर्फ पडायला महिना होता अजून.
चारही बदलली, मग तुला शाळेतून आणलं.
'मला आठवतंय,' ती म्हणाली,
'तुझे हात काळे होते.'

पुढे दोघंही काही बोललो नाही.
बाहेर कोणीतरी सायकलवरून
शीळ घालत गेलं, पहाटेचे अडीच.
तिने तिच्या प्रोग्रॅमात एक ओळ वर घातली,
थांबण्याची. तो थांबला.

सकाळी दूध घ्यायला गेलो.
सातव्या चौकोनात खूण नव्हती.
शेजारी, तिच्या बारीक अक्षरात:
चालू आहे.