टिडबिनबिला, गुरुवार ते शनिवार

गुरुवारी संध्याकाळी सहाला ब्रॉनविननं आज्ञा सोडली:
एक हीटर बंद कर.
उत्तर शनिवारी सकाळी नऊला.
मधल्या वेळेचं काय करायचं
ते नियमपुस्तिकेत नाही.

यान निघालं तेव्हा ती जन्मलीही नव्हती.
सेकंदाला पंधरा किलोमीटर.
तिच्या घरापासून ही सत्तर मीटरची तबकडी
त्याला सव्वादोन सेकंदांवर,
तिला चाळीस मिनिटं,
रस्त्यात कांगारू बसला नसेल तर.

आणि एवढं पळून
प्रकाशाची एका दिवसाची वाटसुद्धा
अजून सरलेली नाही.
चाळीस हजार वर्षांनी म्हणे एका ताऱ्याजवळून जाईल.
जवळून म्हणजे पावणेदोन प्रकाशवर्षांवरून.
असा शेजार मलाही चालेल, ब्रॉनविन म्हणते.

शुक्रवारी ती कुंपणाची सैल तार ताणते,
गाडीचं तेल बदलते,
भावाला फोन करत नाही.
तो क्वीनबियनला असतो. तासाभराचा रस्ता.
सहा वर्षं झाली.

शनिवार, नऊ वाजून चार मिनिटं.
पडद्यावरच्या खरखरीतून एक रेघ
जेमतेम डोकं वर काढते:
बंद केला.
हे दोन शब्द इथं पोचेस्तोवर
ते आणखी दहा लाख किलोमीटर पुढं,
आधीपेक्षा जरा जास्त थंडीत.

ब्रॉनविन वहीत वेळ लिहिते.
फोन काढते, बघते, पालथा ठेवते.
शनिवार आहे,
क्वीनबियनला अजून उठले नसतील.