चादरीची दुसरी बाजू

एकोणीस वर्षं झाली क्रॅगला.
तेवढ्यात माझे दोन्ही गुडघे बदलून झाले,
गोदी बंद पडली,
शाळेच्या जागी गाड्या धुवायचं दुकान आलं,
आणि डेझमंड क्रॅग अजून त्याच करड्या कोटात
रेषेच्या कडेला उभा, हात खिशात,
जणू बसची वाट बघतोय
आणि तो मार्गच बंद झालाय हे
त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आम्ही सांगतो. दर शनिवारी, घसा सुकेपर्यंत,
थॉर्नस्केलच्या पश्चिम स्टँडमधून,
जिथं मागचा पत्रा वादळात उडाला
तो उडालाच.
आयरिश समुद्र सरळ मानेवर येतो.
चार-चार-दोन.
गाव बुडालं तरी चार-चार-दोन.

पत्र्यासाठी म्हणून ऑगस्टात लॅचलन विकला.
बावीस गोल, डावा पाय लोण्यासारखा.
पैसे कुठं गेले ते पैशांना ठाऊक.
पत्रा नाही, लॅचलन नाही,
लॅचलन तिकडे दक्षिणेत बाकावर बसून
मोठ्या लोकांचे बूट बघतो.

जानेवारीची शेवटची रात्र. अकराला बाजार उठणार.
मी, टायसन, आणि टायसनची ब्रायनी,
फाटकापाशी, एका थर्मासवर तिघं.
एकच स्ट्रायकर हवा होता.
फार नाही, चेंडू आणि जाळं यांची
ओळख करून देईल इतपत.
दहा वाजता एक गाडी आत वळली.
ब्रायनी ओरडली, "आला!"
उतरला तो पिझ्झावाला पोरगा.
चार डबे. म्हणजे आत चार जण जागे होते,
आणि भूक होती म्हणायची.

अकराला पाच कमी असताना जाहीर झालं:
डावा बचावपटू, वय चौतीस,
उसना, जूनपर्यंत.
एक घोटा त्याचा, दुसरा डॉक्टरांचा.
टायसननं थर्मासचं झाकण लावलं.
"पदरी पडलं," म्हणाला,
आणि पवित्र झालं म्हणायचं विसरला.

सकाळी माळ्यावरून जुनी चादर काढली.
हिल्डा खालून म्हणाली, पाहुण्यांची नको हं.
काळ्या रंगात, हातभर अक्षरं:
आता पुरे, क्रॅग.
वाळल्यावर घडी घालायला उलटली तर
मागे निळ्यात, हिल्डाच्या वळणाचं:
क्रॅगसाहेब, देव तुमचं भलं करो.
शेवटचा 'रो' जागा संपल्यामुळे
शिवणीत शिरलेला.
नऊ वर्षांपूर्वीचा मे.
आम्ही वर चढलो होतो तेव्हाचा.

त्या मे महिन्यात मिरवणुकीची बस थांबवून
क्रॅग कप घेऊन इस्पितळात गेला होता,
टायसनच्या मार्नाकडे.
तिनं त्यातून चहा प्यायला, दोन घोट.
टायसन हे कधी बोलत नाही.
एकदाच, दारूत, बोलला:
"दोन तास बसला रे तिच्या उशाशी.
दोन तास. आणि दुसरं काही सुचेना म्हणून
तिला चार-चार-दोन समजावत होता."

शनिवार. वीस मिनिटांत उसना घोटा लंगडायला लागला.
अर्ध्यापूर्वी एक, नंतर एक, दोन्ही आपल्याच डावीकडून.
चादरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं टायसनकडे.
त्याच्या बाजूनं ती सारखी खाली जात होती.
"नीट धर की," मी म्हणालो.
"धरलीय," म्हणाला.
आणि नेमका तेव्हाच सूर्य उतरला
त्या नसलेल्या पत्र्यातून,
आमच्या पाठीमागून, चादरीच्या आरपार,
काळं निळ्यात, निळं काळ्यात,
पुरे आणि भलं एकमेकांत अडकलेलं.

समोरून क्रॅगनं मान वर केली.
डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वाचत राहिला.
काय वाचलं कोण जाणे.
खिशातला दुसरा हात बाहेर काढला, उचलला,
अर्धाच,
मग वळला
आणि डावा बचावपटू काढून
दुसरा डावा बचावपटू उतरवला.

सगळा स्टँड बोंबलला.
टायसन सगळ्यात मोठ्यानं.